इंजिनाचं वय

कप्तानसाहेबांना चहा पिताना बघणं हा आमच्या जिनातला फुकटचा तमाशा होता. कपात चहा ओतला की ते खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे, मनगटावरचं घड्याळ त्याच्याशी ताडून बघायचे आणि हाताची घडी घालून बसायचे. चार मिनिटं. त्याच्या आत चहाला तोंड लावायचं नाही, आणि चार मिनिटांच्या पुढे गेला तर तो चहा त्यांच्या लेखी शिळा. शिळा झालेला कप ते माझ्याकडे सरकवायचे. त्या वर्षी मी भरपूर फुकट चहा प्यायलो, कारण नेमकं तिसरं मिनिट संपत आलं की मी त्यांना हवेतल्या वाऱ्याबद्दल काहीतरी विचारायचो. वाऱ्याचा विषय निघाला की त्यांना कप दिसत नसे.

मी तेव्हा शहाद्याला एका शेठच्या जिनात टाइमकीपर होतो. कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना तो. मजुरांच्या पाळ्या बघायच्या आणि वेळेवर भोंगा वाजवायचा, एवढं माझं काम. ऐकायला लहान वाटतं, पण भोंगा माझा म्हणजे गावाची वेळ माझी. भोंग्यावर बायका चूल पेटवायच्या, भोंग्यावर शाळा सुटायची, कचेरीतले कारकून भोंग्यावर घड्याळं लावायचे. अशा माणसाच्या राज्यात दुसरा कोणी दोन-दोन घड्याळं घेऊन आला तर राजाचं डोकं फिरणार नाही तर काय होणार? पहिल्याच सकाळी कप्तानसाहेब माझ्या टेबलाशी आले आणि अदबीनं म्हणाले, भोंगा अर्धं मिनिट उशिरा झाला. मी म्हटलं, साहेब, शहाद्यात भोंगा झाला की वाजतात, वाजले म्हणून भोंगा होत नाही. ते हसले नाहीत. त्यांनी ते मनावर घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून भोंग्याच्या वेळी माझ्या मागं येऊन उभे राहू लागले.

ते आमच्याकडे आले ते शेठच्या हौसेमुळं. शेठ गुजर, तापीकाठचे पिढीजात शेतकरी. केळी, ऊस, कापूस, वर जीन. लढाई नुकतीच संपली होती आणि सरकार नको असलेलं सामान लिलावात काढत होतं. शेठ मुंबईला गेले होते मोटारीचे टायर घ्यायला आणि आले विमान घेऊन. दोन जागांचं, वर-खाली दोन पंखांचं, पंख मागं मुडपता येणारं. टायर राहूनच गेले. विमानासोबत ते उडवायला म्हणून कप्तानसाहेब आले. मूळचे इंदूरकडचे. उमेदीची वर्षं कुठल्याशा संस्थानिकाचं विमान उडवण्यात गेली, लढाईत पोरांना उडायला शिकवलं, आणि लढाई संपली तेव्हा वय झालं म्हणून त्यांनाही सरकारनं सामानाबरोबर मोकळं केलं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा थोडं हसले.

विमान बघायला गाव लोटलं. शेठची आई, तिला सगळे मोठी माय म्हणत, काठी टेकत आली, पंख चाचपून बघितला आणि म्हणाली, "हाई ते कापडनं शे." मग अंगठा आणि बोटात धरून पोत बघितला आणि नाक मुरडलं. कापसात जन्म गेलेल्या बाईला ते कापड पसंत पडलं नाही.

कप्तानसाहेबांचं बोलणं इंदुरी. स्वतःला ते 'अपन' म्हणत, मला 'भैया', शेठना 'तुम्ही', आणि इंजिनाला मात्र 'आप'. सकाळी गोदामाचं दार उघडलं की आधी इंजिनापुढं उभं राहून "आप कैसे हैं" विचारायचं आणि मग आम्हा माणसांकडे वळायचं. त्यांचा माणसांवर राग नव्हता, भरवसा नव्हता. विशेषतः माणसांच्या आठवणीवर. "आठवण म्हणजे बाजारभाव, भैया," ते म्हणायचे. "आज एक, उद्या एक. काटा सांगेल ते खरं." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की माझी बायकोसुद्धा भाजीवालीला ऐकवू लागली. ते आमच्याकडे जेवायला आले की तव्यावरची भाकरी फुगायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघत. बायको चुलीपुढून मला हळूच म्हणाली, "हाऊ माणूस भाकरनाबी टाइम मोजस." त्यांनी ऐकलं, आणि दुसरी भाकरी पहिलीपेक्षा लवकर फुगली असं तिचं कौतुक केलं. त्या दिवसापासून ती त्यांच्या बाजूची झाली.

आता त्या घड्याळाकडे येतो, ज्याच्यापायी हे सगळं रामायण घडलं.

विमानात कप्तानसाहेबांच्या सीटपुढं जी पाटी होती, तिच्यावर इतर काट्यांच्या शेजारी एक काळी डबी बसवलेली होती. तिला काचेची छोटी खिडकी, खिडकीत आकडे. इंजिन चाललं की आकडे पुढं जायचे, इंजिन थांबलं की थांबायचे. इंजिन आजवर किती तास चाललं, ते ती डबी सांगायची. कप्तानसाहेब म्हणायचे, हे इंजिनाचं वय आहे. माणसाचं वय वर्षांत, इंजिनाचं तासांत. ठरावीक तास भरले की इंजिन मुंबईला पाठवायचं, पूर्ण उघडायचं, झिजलेलं बदलायचं, आणि ते होईपर्यंत त्याला हवेत न्यायचं नाही म्हणजे नाही. डबीला शिशाचं सील होतं. आत काय आहे ते कप्तानसाहेबांनी कधी बघितलं नव्हतं आणि बघायची त्यांना गरज वाटत नव्हती. देवळात जाणारा माणूस देवाला उघडून बघतो का?

मोठी मायनं पंखाला नाक मुरडलं खरं, पण तिच्या मनात विमान भरलं होतं. एक दिवस तिनं कप्तानसाहेबांना ओसरीवर बोलावून घेतलं. प्रकाशा गावाला तापी-गोमाईचा संगम आहे, तिथली महादेवाची देवळं म्हणजे आमची काशी. मोठी माय दर वर्षी तिथं पायी जाऊन प्रदक्षिणा करायची. ती म्हणाली, "आते मन्हा पाय चालतस नई. माले परकाशानी परदक्षिना करनी शे. वरतीन." कप्तानसाहेबांनी टाचा जुळवून सलाम केला आणि आखाजीला नेतो म्हणून शब्द दिला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तिला आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. मोठी मायच्या लेकीही येणार होत्या, आणि त्यांच्यादेखत तिला उडायचं होतं.

विमान ठेवलं होतं जिनाच्या आवारातच. एवढं मोठं दार दुसऱ्या कुठल्या इमारतीला नव्हतं. रुईच्या गठाणी ठेवायचं ते गोदाम, आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून जिनाचं तेलावरचं मोठं इंजिन. दसऱ्यानंतर कप्तानसाहेबांनी चार-दोन वेळा विमान काढलं, शहाद्याबाहेर म्हसावदच्या रस्त्याला शेठची मुरमाड पडीक जमीन होती तिथून उडवलं. मग दिवाळी झाली, कापूस यायला लागला, शेठना मान वर करायला फुरसत राहिली नाही आणि विमान गोदामात उभं राहिलं.

सीझन सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. कप्तानसाहेब माझ्याकडे आले, खुर्ची ओढली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "भैया, कोणीतरी विमान उडवतंय."

मी म्हटलं, साहेब, बकरी नाही ती, कोणी काखोटीला मारून नेईल. पण ते मला हाताला धरून घेऊन गेले आणि डबी दाखवली. विमान जागचं हललं नव्हतं आणि आकडे मात्र कितीतरी पुढं गेले होते. त्या दिवसापासून आमच्या जिनात चोर शिरला, म्हणजे कप्तानसाहेबांच्या डोक्यात शिरला.

त्यांनी विमानाच्या पंख्याला दोरा बांधला. दोरा तुटला नाही, आकडे वाढले. चाकांभोवती पीठ पसरलं. पिठात मांजराची पावलं उमटली आणि त्यांच्या स्वतःच्या बुटाची. आकडे वाढले. गोदामाच्या दाराला कुलूप घालून ते बाहेर खाट टाकून बसले, किल्ली जानव्याला. आकडे वाढले. पेट्रोलच्या टाकीत काठी घालून बघितली, तर पेट्रोल जितकं होतं तितकंच. मी म्हटलं, बघा, पेट्रोल कमी झालेलं नाही, म्हणजे कोणी उडवत नाही. त्यांनी काठी पुसून ठेवली आणि म्हणाले, "स्वतःचं पेट्रोल आणतो. माणूस सज्जन दिसतो."

मी कपाळाला हात लावला. पण गंमत अशी की हळूहळू त्यांचा राग गेला आणि कौतुक सुरू झालं. दोरा न तोडता पंखा फिरवतो. पिठात खूण न ठेवता विमान बाहेर काढतो. टायरला धूळ नाही, पंखावर चिलटं नाहीत, गावात कोणाला आवाज नाही. "असा पायलट अपन जिंदगीत बघितला नाही," ते म्हणायचे, आणि म्हणताना डोळे कुठंतरी लांब लागायचे. आमचे शिकवून शिकवून पोरं तयार केलेले कप्तानसाहेब, त्यांना एक उस्ताद भेटला होता आणि तो दिसत नव्हता. कधीकधी मला वाटायचं की ते खाटेवर चोर पकडायला बसत नाहीत, त्याच्या भेटीला बसतात.

पण आकडे थांबायला तयार नव्हते, आणि ठरलेल्या तासांची हद्द जवळ येत चालली होती. शेठनी एकदाच स्पष्ट सांगून टाकलं होतं, इंजिन मुंबईला धाडायचं झालं तर विमानही तिकडंच जाईल आणि परत येणार नाही. हौस फिटली होती. घ्यायला एक गिऱ्हाईकही तयार होतं. शेठ वाईट माणूस नव्हते, त्यांनीच सुचवलं की आकडे मागं फिरवा, कोण येतंय बघायला. कप्तानसाहेब म्हणाले, इंजिन बघतं. मीही समजावलं. साहेब, डबी खोटी आहे, डोळ्यांना दिसतंय ते खरं माना. ते म्हणाले, "भैया, आज अपन या काट्याला खोटा म्हटलं, तर उद्या वर गेल्यावर उंचीचा काटा बघून अपन काय म्हणणार?" मग डबीची काच रुमालानं पुसत, असं म्हणाले की या वयात मला दुसरं विमान कोण देणार आहे. माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचे पंख मोडायला निघाला होता, आणि कशापायी, तर एका काळ्या डबीच्या शब्दापायी. तिकडं मोठी माय लेकींना निरोप धाडत होती की आखाजीला लवकर या.

होळी आली आणि जीन बंद झालं. आमचे बरेचसे मजूर सातपुड्यातले. होळीला त्यांना कोणी अडवू शकत नाही. आठवडाभर आधीच डोंगराची वाट धरतात. त्या आठवड्यात डबीतला आकडा तसूभर हलला नाही. कप्तानसाहेब सकाळ-संध्याकाळ बघत होते. चौथ्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला. "सापडला. मजूर गेले, काटा थांबला. तो यांच्यातलाच कोणी आहे आणि तो होळीला गेलाय."

मी चिडलो. ज्यांनी कधी सायकल हातात धरली नाही त्यांच्यावर विमानचोरीचा आळ घेता, लाज नाही वाटत? कप्तानसाहेब माझ्याकडे आश्चर्यानं बघत राहिले. आळ कसला, म्हणाले, अपनला त्याला भेटायचंय. विमान तर विकायला चाललंच. जायच्या आधी त्याला विचारून घेऊ, दोरा न तोडता कसं जमवतो ते. मग त्यांनी पेटीतून आपली कातडी टोपी काढली, उडताना घालायची, आणि म्हणाले की ही त्याला द्यायची.

अशा माणसाला एकट्याला डोंगरात कसं सोडणार? जिनाच्या इंजिनावर तेल घालणारा खेमा डोंगरातल्या काठी गावाजवळच्या पाड्यावरचा, तो मला दर वर्षी काठीच्या होळीला बोलवायचा. म्हटलं, चला. निघताना कप्तानसाहेबांनी चार स्क्रू काढून डबी विमानातून सोडवली, पुरावा म्हणून. मी खिडकीतला आकडा मोठ्यानं वाचला, त्यांनी डोक्यात ठेवला. डबीच्या पाठीमागं बघतात तो काय, तिला ना तार, ना नळी. इंजिनाशी तिचा काही संबंधच नाही. मला वाटलं आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल. त्यांनी डबी उलटसुलट केली आणि मान हलवली. "तारही घेऊन गेला." डबी रुमालात गुंडाळून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवली.

अक्कलकुव्यापर्यंत सर्व्हिस मोटार होती. तिला गाडी म्हणणं म्हणजे गाडीचा अपमान. हाडं खिळखिळी करून तिनं आम्हाला टाकलं आणि पुढं एका बैलगाडीनं उरलेली मोडली. मग चढ पायी. काठीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि चारी बाजूंच्या वाटांनी माणसांच्या रांगा उतरत होत्या. अंगावर ठिपके काढलेले, डोक्याला मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले नवसाचे गडी. ढोल तर असे की ऐकू येण्याआधी पोटात कळायचे.

खेमानं आम्हाला मिठ्या मारल्या. कप्तानसाहेबांनी वेळ न घालवता त्याला गंभीरपणानं विचारलं, तुमच्यात विमान उडवणारा कोण? खेमाला आधी कळेना. मी सगळं समजावलं. त्यानं ते आपल्या बोलीत भोवतालच्या लोकांना सांगितलं, आणि एवढा हशा झाला की ढोलवाले थांबून बघायला आले. खेमा डोळे पुसत म्हणाला, "साहेब, मी विमान चोरतू, ते होळीले पाये पाये कसाले येतू? उडीसन नई येतू का?"

कप्तानसाहेबांना मुद्दा पटला. पण पुरावा दाखवावा म्हणून त्यांनी डबी बाहेर काढली, आणि आकडा बघून त्यांची मुद्रा बदलली. शहाद्याहून निघतानाच्या आकड्यापेक्षा तो पुढं गेलेला होता. ते माझ्याकडे वळले. भैया, तुम्ही आकडा चुकीचा वाचलात. मी चुकीचा वाचला? माझ्या भोंग्याला नावं ठेवली ते मी सोसलं, पण आकडा? तोंडाला आलेलं मी गिळलं, कारण तेवढ्यात खेमानं त्यांचा हात धरून त्यांना नाचाच्या गोलात ओढलं.

मी आयुष्यात पुष्कळ नाच बघितले, पण घड्याळ बघत नाचणारा माणूस तो एकच. एकमेकांच्या कमरेत हात घालून गोल फिरायचा, ढोलाच्या ठोक्याला पाय, आणि हे फेरा संपला की मनगट डोळ्यांपुढं धरायचे. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं ती नाचातलीच एक तऱ्हा आहे. तोही मनगट वर करायला लागला. मग त्याच्या पुढचा. थोड्या वेळात अर्धा गोल फेऱ्याफेऱ्याला मनगट डोळ्यांपुढं धरत होता. कप्तानसाहेबांचा कोट घामानं भिजला, पण थांबायला तयार नाहीत. थकून बसायचे, किती वेळ बसलो ते बघायचे, परत गोलात. पहाटे होळीला अग्नी दिला, उंच बांबू पेटला, सगळं काठी एका आवाजात ओरडलं, आणि कप्तानसाहेब माझ्याशेजारी येऊन धपकन बसले.

त्यांनी सवयीनं डबी काढली. आगीच्या उजेडात खिडकी बघितली. मनगट बघितलं. परत खिडकी. ओठ हलत होते, हिशेब चालला होता. आकडा पुन्हा पुढं गेला होता, आणि गेला होता तो नेमका तितकाच, जितका वेळ कप्तानसाहेब नाचले होते. बसलेला वेळ वजा जाऊन.

त्यांनी डबी कानाशी धरली. काही नाही. मग उठले आणि एका ढोलावर नेऊन ठेवली. ढोलवाल्यानं थाप मारली, आणि वाकून कान लावला तर आतून बारीक टिकटिक. थाप थांबली, टिकटिक थांबली. डबीच्या आत काहीतरी लंबकासारखं होतं. हादरे बसले की ते हलायचं आणि घड्याळ चालू व्हायचं. इंजिन हादरे देतं, म्हणून ते इंजिनाचे तास. पण हादरे कोण देतंय हे डबीला काय ठाऊक? शेजारी जिनाचं इंजिन सीझनभर धडधडत होतं आणि आमच्या विमानाचं वय वाढत होतं. मोटारीनं वाढवलं, बैलगाडीनं वाढवलं, आणि होळीला कप्तानसाहेबांनी स्वतः नाचून वाढवलं.

ते हसायला लागले. असं हसताना त्यांना मी तोवर कधी बघितलं नव्हतं. जमिनीवर बसून, पोट धरून, टोपी तोंडावर घेऊन. खेमा, मी, तो मनगटवाला म्हातारा, सगळे हसत सुटलो. हसू ओसरल्यावर ते टोपीकडे बघत म्हणाले, "म्हणजे तो उस्ताद नव्हताच, भैया." आणि खरं सांगतो, मलाही क्षणभर वाईट वाटलं. त्यांनी टोपी त्या ढोलवाल्याच्या डोक्यावर घातली. मोरपिसांमध्ये ती टोपी मोठी झकास दिसत होती.

ती डबी आता माझ्याकडे आहे. पुढं दोन-तीन वर्षांनी विमान विकलं गेलं, कप्तानसाहेब इंदूरला आपल्या बहिणीकडे राहायला गेले आणि जाताना ती माझ्या हातात ठेवून गेले. माझ्या शेजारी पिठाची गिरणी आहे. गिरणी सुरू झाली की फळीवर डबी चालते. गावानं किती दळलं, ते माझ्या घरात मोजलेलं आहे.

शहाद्याला परत आलो ते मी वाजतगाजत. शेठना म्हटलं, विमान तरणं आहे, गिऱ्हाइकाला कळवा की येऊ नका. शेठ खुश. आणि कप्तानसाहेब? ते हातपाय धुऊन आले आणि म्हणाले, अपन उडू शकत नाही. का? तर इंजिनाचं खरं वय आता कोणालाच माहीत नाही. काटा होता तो गेला. अंदाजानं अपन विमान हवेत नेत नाही, आणि त्यात मोठी मायला बसवून तर नाहीच नाही.

मी डोकं धरून बसलो. शेठही बसले. मोठी माय आतून काठी टेकत आली. काय झालं ते तिनं दोनदा विचारून नीट समजून घेतलं. मग कप्तानसाहेबांच्या पुढ्यात पाट ओढून बसली.

"तू कितला खेप उडना, तुले याद नई का?"

"आहे ना, माय. पण आठवणीचं काय..."

"मन्हा पोऱ्या कव्हय जलमना ते माले कोना काटानी नई सांगं," ती शेठकडे बोट दाखवत म्हणाली. "माले याद शे. तू सांग."

कप्तानसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम छताकडे बघितलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. इथलं पहिलं उड्डाण दसऱ्यानंतरचं. वारा पश्चिमेचा, तापी धरून सारंगखेड्यापर्यंत गेलो. घाटावरचा धोबी कपडे टाकून पळाला आणि परत फिरताना बघितलं तर परत आला होता. दुसऱ्या वेळी पुढच्या सीटवर शेठ. चाक जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंत शेठनी डोळे उघडले नाहीत आणि उतरल्यावर म्हणाले, फार सुंदर दिसतं. तिसऱ्यांदा म्हसावदवरून. केळीच्या बागेत बायका होत्या, सगळ्यांनी हात हलवले, एकीनं विळा हलवला. चौथ्यांदा एकटा. कारण काही नव्हतं, संध्याकाळ चांगली होती. प्रत्येकाला ते किती वेळ लागला ते मिनिटांसकट सांगत होते, वर उन्हाची तिरीप कुठून येत होती तेही सांगत होते. मी माझ्या भोंग्यांशी ताडून बघत होतो. एकदाही चुकले नाहीत. मुंबईहून विमान उडवत आणलं तेव्हा लिलावाच्या कागदावरचा आकडा आणि वाटेतले तास यांची बेरीज त्यांनी डबीशी जुळवून बघितली होती, ती पाठच होती. त्यात ही उड्डाणं मिळवली की झालं. इंजिन अगदी कोवळं निघालं.

कप्तानसाहेबांनी डोळे उघडले. स्वतःच्याच बोलण्याचा त्यांना अचंबा वाटत होता. मोठी माय उठली आणि आत जाता जाता म्हणाली की आखाजीला लुगडं कोणतं नेसू ते लेकींना विचारायला पाहिजे.

आखाजीच्या सकाळी अख्खं शहादं त्या मुरमाड जमिनीवर होतं. लेकी झोके सोडून आल्या होत्या. मोठी मायनं डोक्यावरून पदर घेऊन वर शेठचा मफलर करकचून बांधला होता. चढण्याआधी तिनं पूजेतलं झेंडूचं फूल काढलं आणि डबी काढल्यानं पाटीवर जे भोक पडलं होतं त्यात खोचलं. कप्तानसाहेब इंजिनापुढं उभे राहिले. त्यांनी "आप कैसे हैं" विचारलं, मी पंखा फिरवला, इंजिन सुरू झालं, आणि ती दोघं धूळ उडवत गेली. चाकं सुटली तेव्हा शेठनी माझा दंड इतका घट्ट पकडला की वळ उठले.

वर काय झालं ते नंतर मोठी मायनंच सांगितलं, आणि पुढची कितीतरी वर्षं सांगत राहिली. तिच्या सीटपासून कप्तानसाहेबांच्या कानापर्यंत बोलायची एक नळी होती. प्रकाशावर पोचल्यावर त्यांनी देवळं उजव्या हाताला घेऊन एक प्रदक्षिणा घातली. खाली संगमावर लोक हात जोडून वर बघत होते. नळीतून आवाज आला, "आखो एक." त्यांनी दुसरी घातली. "आखो एक." मग तिसरी. मोठी माय म्हणायची, त्या पोराला मी आखो एक, आखो एक करत राहिले आणि तो फिरवत राहिला, एकदाही नाही म्हणाला नाही.

आम्ही खाली माना दुखेपर्यंत वर बघत होतो. विमान दिसलं तेव्हा बायकांनी आखाजीची गाणी म्हणायला सुरुवात केली. दुपारचा भोंगा माझ्याकडून राहून गेला, आणि त्याची तक्रारही कोणी केली नाही, कारण तक्रार करणारे सगळे तिथंच उभे होते.

विमान टेकलं, थांबलं. लेकींनी मोठी मायला उतरवून घेतलं. ती रडत होती आणि हसत होती. कप्तानसाहेब अजून आपल्या जागेवर बसून होते, झेंडूच्या फुलाकडे बघत. मी जवळ गेलो. इतक्या महिन्यांचा हिशेब चुकता करायची हीच वेळ होती.

"साहेब, किती वेळ झाला?"

त्यांनी मनगटाकडे बघितलं. खिशाकडे हात नेला आणि तसाच थांबवला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर असं हसू आलं की मला काठीची पहाट आठवली.

"कोण जाणे, भैया," ते म्हणाले. "बघितलंच नाही."

मी माझं घड्याळ काढलं. पण ते कधी उडाले ते मी तरी कुठं बघितलं होतं? त्या उड्डाणाचे तास इंजिनाच्या वयात कधी धरलेच गेले नाहीत.